गव्हाचा गुन्हा शोधणारा डॉक्टर

मूल वाढत नाही, पाय दुखतात म्हणते, कॅल्शियम देऊनही फरक नाही, अशी तक्रार घेऊन नांदेड-लातूरचे पालक येतात, तेव्हा एखादा डॉक्टर सीलिअ‍ॅक आजाराची तपासणी सांगतो. संशय असतो चपातीतल्या गव्हावर. हा संशय शास्त्रीय कसोटीवर उतरवला तो डॉ. विलेम कॅरेल डिके यांनी.

नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्टला १९०५ मध्ये जन्मलेले डिके ३१व्या वर्षी हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पोट फुगलेली, हातापायांच्या काड्या झालेली, जुलाबांनी खंगलेली मुले तिथे येत. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच या आजाराचे वर्णन केले होते, पण कारण सापडत नव्हते. अमेरिकेत तर केळ्यांवर भर होता. पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचे पुरळ जाते, असे एका आईने डिके यांना सांगितले. असले बोलणे बहुतेक डॉक्टर कानाआड करतात; त्यांनी केले नाही. गहू वगळून ते मुलांना जेवण देऊ लागले आणि वर्षानुवर्षे वजन-उंचीचे आलेख ठेवत गेले. मध्ये महायुद्ध आले, उपासमारीचा हिवाळा आला. उट्रेख्ट विद्यापीठातला त्यांचा प्रबंध १९५० चा. पुढे सहकाऱ्यांसह मुलांच्या शौचातील चरबी मोजून त्यांनी गव्हातल्या ग्लुटेनवरच बोट ठेवले.

ग्लुटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर झिजले की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. रक्तातले कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून उचल घेते आणि ती फिटतच नाही. मुलांची उंची खुंटते, मोठ्यांची हाडे ठिसूळ होतात, सांधे दुखतात. मांड्यांतले बळ गेल्याने काहींना जिना चढवत नाही. जुलाब मुळीच नसलेल्या रुग्णात आजाराची पहिली खूण हाडांतच दिसू शकते.

डिके १९५७ मध्ये उट्रेख्टला प्राध्यापक झाले आणि १९६२ मध्ये, ५७व्या वर्षी गेले. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य, हाच आजही मुख्य उपचार आहे. मराठवाड्याला तो परका नाही: ज्वारीची भाकरी, तांदूळ, मका सगळे चालते. मात्र गिरणीत ज्वारी गव्हावर दळलेली नसावी. आणि रक्ततपासणीच्या आधीच गहू सोडू नये. मग आजार असूनही अहवालात दिसत नाही.