फाशीविरोधातलं पुस्तक बिननावाने छापणारा बेक्कारिया

मिलान शहर, १७६४ साल. शहरावर राज्य ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचं. त्या काळी युरोपच्या बऱ्याच भागांत संशयिताचा छळ करून कबुली घेणं हा कायदेशीर तपासाचाच भाग होता. चोरीसारख्या गुन्ह्यालाही फाशी व्हायची आणि तीही भर चौकात, लोकांना धाक बसावा म्हणून.

या सगळ्याविरुद्ध एक छोटं पुस्तक लिव्होर्नोला छापलं गेलं. त्यावर लेखकाचं नावच नव्हतं. लेखक होता चेझारे बेक्कारिया, वय अवघं २६.

बेक्कारियाचा जन्म १५ मार्च १७३८ चा, घराणं सरदारांचं. पाव्हियातून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली काही केली नाही. वडिलांचा विरोध पत्करून तेरेसाशी लग्न केलं, ही त्याच्या तरुणपणातली एकमेव बंडखोरी म्हणावी लागेल. एरवी माणूस बुजरा आणि आळशी. पिएत्रो आणि अलेस्सांद्रो या वेर्री बंधूंच्या मित्रमंडळात तो रमला. अलेस्सांद्रो कैद्यांची बाजू पाहणारा सरकारी अधिकारी होता, त्यामुळे तुरुंगाच्या आतल्या गोष्टी बेक्कारियाला थेट कळत. पिएत्रोने तर त्याच्या मागे लागून पुस्तक लिहून घेतलं.

पुस्तकातला युक्तिवाद साधा आहे. छळ केला की धडधाकट गुन्हेगार सोसून सुटतो आणि अशक्त निरपराध माणूस कबुली देऊन अडकतो. लहान आणि मोठ्या गुन्ह्याला एकच शिक्षा असेल, तर माणूस मोठाच गुन्हा का करणार नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुन्हेगार शिक्षेच्या क्रूरपणाला घाबरत नाही, ती नक्की होणार याला घाबरतो. शिक्षा सौम्य असली तरी चालेल, पण ती लवकर आणि हमखास व्हायला हवी. कायदा लोकांना वाचता येईल असा असावा, न्यायाधीशाच्या लहरीवर नसावा.

मात्र त्याला फार कनवाळू समजू नका. फाशीऐवजी त्याने सुचवली ती जन्मभराची सक्तमजुरी, कारण तिचा धाक जास्त टिकतो असं त्याचं म्हणणं! देशाची सुरक्षाच धोक्यात असेल तर फाशीला त्याने थोडी वाटही ठेवली होती.

एका साधूने पुस्तकावर कडाडून टीका केली, तेव्हा उत्तर लिहिलं ते वेर्री बंधूंनी. १७६६ मध्ये चर्चने पुस्तक निषिद्ध यादीत टाकलं. त्याच वर्षी व्हॉल्तेअरने त्यावर भाष्य लिहिलं आणि पॅरिसने लेखकाला बोलावून घेतलं. बेक्कारिया गेला, पण बायकोच्या आठवणीने आणि अनोळखी माणसांच्या गर्दीने कासावीस होऊन लवकरच परतला. पिएत्रोशी मैत्री तुटली ती याच सुमारास.

पुढे तो मिलानमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि नंतर सरकारी नोकर. धान्य, नाणी, वजनं-मापं यांतच आयुष्य गेलं, तसं दुसरं पुस्तक काही झालं नाही. पण पहिलं फिरत राहिलं. १७८६ मध्ये तोस्कानाच्या लिओपोल्डने फाशी रद्द केली. इंग्लंडमध्ये बेंथमने बेक्कारियाचे विचार उचलले आणि बेंथमच्या प्रभावातल्या मेकॉलेने पुढे भारतीय दंड संहितेचा मसुदा केला.

१७९२ मध्ये लोम्बार्दीच्या फौजदारी कायद्यासाठी नेमलेल्या समितीत मतभेद झाले. बहुमत फाशी ठेवण्याच्या बाजूने होतं. बेक्कारिया आणि आणखी दोघांनी विरोधी मत नोंदवलं, या वेळी नावानिशी. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ नोव्हेंबर १७९४ ला, तो मिलानमध्येच वारला.