स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

विद्यार्थी मित्रांनो, तेलकट ताटलीवर पाणी ओतून पाहा. पाणी नीट पसरत नाही, त्याचे थेंब होतात. साबण लावला की तेच पाणी सगळीकडे पसरते. असे का होते? हे आपण रोज पाहतो, पण तिकडे लक्ष देत नाही. ज्यांनी लक्ष दिले, त्या ॲग्नेस पॉकेल्स यांची ओळख आज करून घेऊ या.

ॲग्नेस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. त्यांचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. आजारपणामुळे वडिलांनी नोकरी सोडली. १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात राहायला आले. ॲग्नेस तेथे मुलींच्या शाळेत शिकल्या. भौतिकशास्त्राची त्यांना फार आवड होती. पण त्या काळी तेथे विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रीडरिश उच्च शिक्षणासाठी गेला. ॲग्नेस घरीच राहिल्या. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम यांत त्यांचा दिवस जाई.

तरीही त्यांनी शिकणे सोडले नाही. भाऊ पाठवी ती पुस्तके त्या वाचत. विशीत असतानाच त्यांनी घरातल्या साध्या वस्तूंपासून एक उपकरण तयार केले. पत्र्याचा उथळ डबा पाण्याने काठोकाठ भरला. त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्याचा पृष्ठभाग लहानमोठा करता येई. तराजूला टांगलेली चकती पाण्यापासून वर उचलण्यास किती जोर लागतो, हे त्या मोजत. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. त्यावरील तेलाचा पातळ थर पट्टीने दाटला की हा ताण एकदम कमी होऊ लागतो, हे त्यांनी मोजून दाखवले.

अनेक वर्षे हे काम जगाला ठाऊक नव्हते. अखेर जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रॅली यांच्या पत्नीने त्याचा अनुवाद केला. पदवी नसलेल्या, अनोळखी बाईचे पत्र रॅली बाजूला ठेवू शकले असते. पण त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले.

पुढे अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्युर यांनी तशाच उपकरणात सुधारणा केली. पृष्ठभागांवरील संशोधनासाठी १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या ॲग्नेसना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज शास्त्रज्ञ लेसरच्या अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या झोतांनी धातूवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा कोरतात. मग एखाद्या पत्र्यावरून पाणी घरंगळून जाते, तर दुसऱ्यावर ते चटकन पसरते. यंत्रे बदलली, पण प्रश्न तोच आहे. मित्रांनो, पुढच्या वेळी ताटली धुताना पाण्याकडे जरा थांबून पाहा.