बुटक्या गव्हाचे जनक : गोंजिरो इनाझुका



लाल, गोल, बिनपायांची दारुमा बाहुली जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. दारुमा म्हणजे भारतातून चीनला गेलेले बोधिधर्म! पण जपानमध्ये दारुमा नावाचा एक गहूही होता, बाहुलीसारखाच बुटका. भारतात आज आपण जी पोळी खातो, तिच्या गव्हात बहुतेक वेळा या दारुमाचा अंश असतो. तो तिथवर पोचला ज्यांच्यामुळे, त्यांची ही ओळख.

गोंजिरो इनाझुका यांचा जन्म १८९७ साली तोयामा प्रिफेक्चरमध्ये शेतकरी कुटुंबात झाला. तोक्योला शेतीशास्त्र शिकून ते सरकारी संशोधन केंद्रात लागले. आधी भातावर काम केले आणि १९२६ पासून इवाते प्रिफेक्चरमध्ये गव्हावर.

गव्हाची अडचण अशी, की खत जास्त घातले तर काड उंच वाढते, ओंबी जड होते आणि वारा-पावसात पीक लोळते. शिवाय पाने सूर्यप्रकाशात जी साखर बनवतात, तो झाडाचा पगार समजा. तो उंच काडावरच खर्च झाला तर दाण्यासाठी उरणार किती? बुटके झाड फार जास्त कमावते असे नाही, पण घरखर्च नीट चालवते!

दारुमा आणि अमेरिकन फुल्ट्झ यांचा संकर आधीच झालेला होता. १९२५ मध्ये त्याचा टर्की रेड या दुसऱ्या गव्हाशी संकर झाला. त्यातून आलेल्या रोपांची निवड इनाझुकांनी इवातेमध्ये केली. दरवर्षी पेरायचे, हवी ती रोपे ठेवायची, बाकीची सोडून द्यायची. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेस्टिंग एका रात्रीत उरकते; इथे एका पिढीला एक वर्ष! अखेर १९३५ मध्ये जेमतेम दोन फूट उंचीचा 'नोरिन १०' तयार झाला. नोरिन हे नाव जपानच्या तेव्हाच्या कृषी व वन मंत्रालयाचे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी तोक्योत तेइजिरो याबुता यांनी झाडाची उंची वाढवणाऱ्या एका द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. नोरिन १० चे झाड या जिबरेलिनचे ऐकतच नाही, म्हणून ते बुटके राहते, हे पुढे कळले. त्यामागचे जनुक सापडायला १९९९ साल उजाडले.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ सॅल्मन यांनी हे बियाणे अमेरिकेत नेले. तिथे ऑर्विल व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि ते वाण मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचले. १९६५-६६ च्या दुष्काळात आपला देश अमेरिकेच्या गव्हाच्या बोटींची वाट पाहत होता. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. १९६५ मध्ये सुमारे १.२३ कोटी टन असलेले गव्हाचे पीक १९६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर गेले. मेक्सिकन दाणा लालसर, पोळीला न आवडणारा. मग आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातूनच कल्याण सोना आणि सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण काढले. आपल्या घरोघरीचा लोकवनही याच घराण्यातला, बरं का!

बोरलॉग यांना १९७० मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. इनाझुका १९८८ मध्ये, ९१ व्या वर्षी गेले. २०१५ मध्ये त्यांच्यावर जपानी चित्रपट निघाला, तरी आपल्याकडे हे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही.

या गव्हाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याला खत आणि पाणी भरपूर लागते. पंजाबात भूजल खोल गेले आणि अनेक जुनी वाणे शेतातून नाहीशी झाली. पण दारुमा हेही एक जुने वाणच होते. कुणीतरी ते जपून ठेवले, म्हणून इनाझुकांच्या हाती काही लागले. उद्याच्या कमी पाण्यात येणाऱ्या गव्हाचे गुण अशाच एखाद्या विस्मृतीत गेलेल्या ओंबीत असतील. म्हणून गावाकडे कुणाच्या कणगीत जुने बियाणे असेल, तर ते टाकू नका असे फोनवर जरूर सांगा.