श्री संत गाडगे महाराज : घाट, धर्मशाळा आणि खराटा

कारंज्यास मूर्तिजापूरमार्गे येणाऱ्या भाविकांना दापुरे हे गाव दूर नाही. शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगे महाराज, याच दापुऱ्यास मामांकडे वाढले. पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत यात्रेकरू चिखलातून घसरत नदीत उतरत. तेथे महाराजांनी १९०८ साली घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी व मूर्तिजापूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. सोय झाली की गर्दी वाढते. गर्दीमागे उष्ट्या पत्रावळी आणि घाण थेट नदीपात्रात जाते. म्हणूनच यात्रेत पोहोचताच महाराज प्रथम खराटा हाती घेत. बांधकामास दाते मिळतात, झाडण्यास मात्र कोणी पुढे येत नाही, हा आमच्या कार्यालयाचाही अनुभव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ महाराजांनी देह ठेवला.