लोराँ क्लेर : शिक्षक घडविणारे कर्णबधिर शिक्षक

कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा स्थापन करणाऱ्यांची नावे आदराने घेतली जातात. त्या शाळांसाठी शिक्षक कोणी घडविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अमेरिकेपुरते त्याचे उत्तर एका फ्रेंच शिक्षकाच्या चरित्रात सापडते. हे शिक्षक स्वतः कर्णबधिर होते. त्यांचे नाव लोराँ क्लेर.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ला बाल्म या खेड्यात झाला. वडील गावचे प्रमुख होते. लोराँ जेमतेम वर्षाचे असताना खुर्चीवरून पेटत्या चुलाणात पडले आणि त्यांच्या उजव्या गालावर कायमचा व्रण राहिला. याच अपघातात त्यांची श्रवणशक्ती गेली, असे घरचे लोक मानत. पुढे गालावरून बोटे फिरविणे हीच खुणांच्या भाषेतील त्यांच्या नावाची खूण झाली. घर खातेपीते असूनही वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख झाली नाही. गावच्या शाळेत त्याला शिकवू शकेल असा कोणी नव्हता.

१७९७ मध्ये त्यांच्या काकांनी त्यांना पॅरिसच्या कर्णबधिर संस्थेत दाखल केले. या संस्थेचे मूळ आबे द लेपे या धर्मगुरूंच्या कार्यात होते. द लेपे यांनी गरीब-श्रीमंत असा भेद न करता मुलांना विनामूल्य शिकविले आणि परदेशांतून आलेल्या शिक्षकांनाही आपली पद्धत खुलेपणाने दाखविली. क्लेर तेथे आले तेव्हा आबे सिकार हे प्रमुख होते. क्लेर यांचे पहिले शिक्षक झाँ मास्यू स्वतः कर्णबधिर होते. त्यांच्या वर्गात मुलाची बुद्धी झपाट्याने उमलली. दुसऱ्या एका शिक्षकांनी मात्र त्यांना तोंडी उच्चार शिकविण्याचा अट्टहास धरला. उच्चार साधेना म्हणून त्यांनी एकदा हनुवटीवर असा तडाखा दिला की मुलाची जीभ दातांखाली सापडली. त्यानंतर क्लेर यांनी बोलण्याचा प्रयत्न कायमचा सोडला. शिक्षक मुलाला कसे घडवू शकतो आणि कसे मिटवू शकतो, हे दोन्ही त्यांनी बालपणीच अनुभवले. विशीत ते याच संस्थेत शिक्षक झाले.

त्याच काळात अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी डॉ. मेसन कॉग्सवेल यांना आपल्या कर्णबधिर कन्येच्या, ॲलिसच्या, शिक्षणाची चिंता होती. देशात अशा मुलांसाठी कायमस्वरूपी शाळा नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी जमवून थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या तरुणाला १८१५ मध्ये ही विद्या शिकून येण्यासाठी युरोपला पाठविले. ब्रिटनमध्ये अशा शाळा ब्रेडवुड कुटुंबाच्या हाती होत्या आणि आपली पद्धत हे कुटुंब गुपित म्हणून जपत असे. काही वर्षे सहायक म्हणून काम करावे आणि शिकलेले इतरांना सांगू नये, अशा त्यांच्या अटी होत्या. गॅलॉडेट यांनी त्या नाकारल्या. लंडनमध्ये सिकार आपले शिष्य मास्यू आणि क्लेर यांच्यासह प्रात्यक्षिके दाखवीत होते. तेथे त्यांची भेट झाली आणि पॅरिसचे दार गॅलॉडेट यांना मोकळे झाले. ज्ञानावर मालकी सांगणाऱ्यांनी जे नाकारले, ते ज्ञान वाटणाऱ्यांनी दिले.

पॅरिसमधील काही महिन्यांच्या शिक्षणाने गॅलॉडेट यांचे समाधान झाले नाही. एकट्याने ही शाळा उभी राहणार नाही, हे ओळखून त्यांनी क्लेर यांनाच सोबत येण्याची विनंती केली. आईचा विरोध होता. तरीही क्लेर यांनी तीन वर्षांचा करार स्वीकारला. १८ जून १८१६ रोजी जहाज निघाले. ५२ दिवसांच्या त्या प्रवासात क्लेर गॅलॉडेट यांना खुणा शिकवीत आणि गॅलॉडेट त्यांना इंग्रजी. एका अर्थाने अमेरिकेतील कर्णबधिर शिक्षकांचा पहिला प्रशिक्षणवर्ग समुद्रावरच भरला होता.

निधीसाठी दोघे गावोगाव फिरले. क्लेर यांनी लिहिलेली भाषणे गॅलॉडेट वाचून दाखवीत आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना क्लेर लेखी उत्तरे देत. कर्णबधिर माणूस विचार करू शकतो, याचा तो जिवंत पुरावा होता. कनेटिकट राज्याने ५,००० डॉलरचे साहाय्य दिले आणि १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे सात विद्यार्थ्यांची निवासी शाळा सुरू झाली. ॲलिस त्यांच्यापैकीच एक होती. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी घरून आणलेल्या खुणा वर्गात व वसतिगृहात एकमेकींत मिसळल्या. अमेरिकन सांकेतिक भाषेची जडणघडण अशी झाली.

हार्टफर्डला येणारा नवा शिक्षक प्रथम क्लेर यांचा विद्यार्थी होई. ऐकू येणारे पदवीधर त्यांच्यासमोर बसून खुणांची भाषा शिकत, मगच वर्गात उभे राहत. इतर राज्यांत शाळा निघू लागल्या तेव्हा तेथील शिक्षकही शिकण्यासाठी येथे आले. केंटकीच्या शाळेचे जॉन जेकब्ज हे त्यांच्यापैकी एक. पेनसिल्व्हेनियाची शाळा सावरण्यासाठी क्लेर स्वतः काही महिने फिलाडेल्फियात जाऊन राहिले. शाळेचे माजी विद्यार्थीही शिक्षक होऊन दूरदूरच्या शाळांत गेले.

तीन वर्षांसाठी आलेले क्लेर ४१ वर्षे शिकवीत राहिले. शाळेचीच कर्णबधिर विद्यार्थिनी एलायझा बोर्डमन यांच्याशी १८१९ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८५८ मध्ये ते निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचा उद्घाटन सोहळा झाला, तेव्हा वृद्ध क्लेर तेथे उपस्थित होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात मोठी परीक्षा आली. त्या सुमारास अमेरिकेतील अशा शाळांत दर दहा शिक्षकांपैकी सुमारे चार स्वतः कर्णबधिर होते. परंतु १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी केवळ तोंडी भाषेने शिकवावे, असा ठराव केला. निर्णय कर्णबधिर मुलांविषयी होता. तो घेणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते. त्यानंतर वर्गांतून खुणांना बंदी झाली आणि त्यांच्याबरोबर कर्णबधिर शिक्षकही मोठ्या संख्येने बाहेर गेले. १८९१ मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच महाविद्यालयात शिक्षक-प्रशिक्षण विभाग निघाला, पण त्यात कर्णबधिरांना प्रवेश नव्हता. क्लेर यांच्यासारख्या कर्णबधिर शिक्षकालाही तेथे दार बंद होते. मिलानच्या ठरावाबद्दल अशाच आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे. या १३० वर्षांत मुलांच्या कित्येक पिढ्या आपल्यासारखा एकही शिक्षक न पाहता शाळेतून बाहेर पडल्या.

क्लेर यांच्या चरित्राचे मोल येथे उमगते. विशेष शिक्षक घडविण्यासाठी पदवी, साधने आणि इमारती लागतातच. पण ज्यांच्यासाठी शाळा उघडली त्यांच्यापैकी कोणी शिक्षकाच्या जागी उभे आहे काय, हीही त्या शाळेची कसोटी आहे. मास्यूंनी क्लेर यांना हात दिला आणि क्लेर यांनी तो पुढच्यांना दिला. शाळेने घडविलेला विद्यार्थी शिक्षक होऊन परततो, तेव्हा मागून येणाऱ्या मुलाला आपली वाट पहिल्याच दिवशी समोर दिसते.