शेर-ए-बंगाल फजलुल हक : कुळांचा वकील

मौलवी अबुल कासिम फजलुल हक यांचं नाव निघालं की आपल्याला 1940 चा लाहोर ठराव आठवतो, कारण तो त्यांनीच मांडला होता. पण बंगालच्या खेड्यांत त्यांची आठवण राहिली ती कुळांच्या जमिनीमुळे.

जन्म 26 ऑक्टोबर 1873, बारिसाल भागातला. वडील वकील होते. फजलुल हक कलकत्त्यात गणित आणि कायदा शिकले. काही वर्षं सरकारी नोकरीत सहकार खात्याचं काम करताना त्यांनी गावोगाव शेतकऱ्याचं कर्ज जवळून पाहिलं. पुढे नोकरी सोडून ते पुन्हा वकिलीकडे वळले.

1793 च्या कायमधारा पद्धतीने बंगालची जमीन जमीनदारांच्या ताब्यात गेली होती. पूर्व बंगालात बरेचसे जमीनदार हिंदू आणि बहुतेक कुळं मुसलमान, म्हणून या भांडणाला धर्माचा रंग देणं सोपं होतं. पण मुसलमान जमीनदारही होतेच. 1937 च्या निवडणुकीत पटुआखालीत हकसाहेबांच्या समोर उभे राहिले ढाक्याच्या नवाब घराण्यातले ख्वाजा नाझिमुद्दीन. त्याच भागात या घराण्याची जमीनदारी होती. कृषक प्रजा पक्षाच्या हकसाहेबांनी डाळ-भाताचा प्रश्न पुढे केला आणि कुळांनी आपल्याच जमीनदाराला पाडलं. जुलूम करणारा आपला की परका, हे बघायचं नसतं, एवढं त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांना पक्कं कळत होतं.

हकसाहेब बंगालचे पंतप्रधान झाले आणि 1938 मध्ये कूळ कायद्यात मोठा बदल झाला. त्याआधी कुळाने जमीन विकली की जमीनदाराला सलामी द्यावी लागे, शिवाय ती जमीन आधी स्वतः घेण्याचा हक्कही त्याचाच. हे दोन्ही बंद झालं. अबवाब म्हणजे खंडाशिवायची जादा वसुली रद्द झाली. खंडवाढ 10 वर्षं थांबली. थकबाकीवरचं व्याज साडेबारा टक्क्यांवरून सव्वासहा टक्क्यांवर आलं. नदीने गिळलेली जमीन 20 वर्षांच्या आत वर आली, तर ठरावीक खंड भरून ती परत मागता येऊ लागली. कर्ज सलोखा मंडळांनी सावकाराचा फासही सैल केला.

मात्र सगळं काही झालं नाही. सरकार टिकवायला त्यांना जमीनदारांना सोबत घ्यावं लागलं आणि हरलेले नाझिमुद्दीनही मंत्री झाले. बिनभरपाई जमीनदारी रद्द करण्याचं वचन मागे पडून त्याजागी फ्लाउड आयोग नेमला गेला. 1940 मध्ये आयोगाने जमीनदारी संपवण्याची शिफारस केली, पण भरपाई देऊन. सर्वांत मागे राहिला तो बर्गादार, म्हणजे अर्धलीने कसणारा. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरूनही कायद्याने तो कूळ नव्हता. 1946 मध्ये पिकाच्या दोन तृतीयांश वाट्यासाठी तेभागाची चळवळ पेटली, ती याच लोकांची.

आपल्या कोकणातल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. 1937 मध्येच डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं होतं. आपल्यात खोतही होते आणि कुळंही. ज्याचं नाव कागदावर लागलं तो पुढे टिकला. नुसत्या वहिवाटीवर विसंबलेल्याला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणून घराखालची जागा असो की शेत, सात-बारा आणि वारसनोंद वेळेत बघावी. आणि आपल्या जमिनीवर दुसरा कुणी राबत असेल, तर त्याचा हक्क मारू नये.

27 एप्रिल 1962 रोजी ढाक्यात हकसाहेबांचं निधन झालं. त्यांच्याजवळच पुढे नाझिमुद्दीन यांनाही दफन केलं गेलं. कुळांचा वकील आणि नवाब घराण्याचा वारस, दोघांच्या वाट्याला शेवटी सारखीच जमीन आली.