मज्जासंस्थेच्या रसायनशास्त्राचे जनक : योहान थुडिकम

राजस्थानातील सांगानेरपासून महाराष्ट्रातील सांगलीपर्यंत कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या तपासणी कक्षात नाक पाहण्याचे एक छोटे धातूचे उपकरण आढळते. डॉक्टर त्याला ‘थुडिकम’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्या योहान लुडविग विल्हेल्म थुडिकम यांचे सर्वांत मोठे कार्य मात्र मेंदू व मज्जारज्जू ज्या गुंतागुंतीच्या मेदद्रव्यांनी, म्हणजेच लिपिडांनी घडले आहेत, त्यांच्या शोधाचे आहे.

थुडिकम यांचा जन्म २७ ऑगस्ट १८२९ रोजी जर्मनीतील ब्युडिंगेन येथे झाला. गीसेन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांना थोर रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या प्रयोगशाळेचा लाभ झाला. मायदेशी मनाजोगते पद न मिळाल्याने १८५३ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथेच वैद्यकीय व्यवसायात स्थिरावले.

ब्रिटिश सरकारचे आरोग्याधिकारी जॉन सायमन यांनी त्यांच्यावर रोगांच्या रासायनिक अभ्यासाचे काम सोपवले. रोगाने मेंदूत कोणते बदल होतात हे समजण्यासाठी आधी निरोगी मेंदूची घडण ठाऊक हवी, अशी त्यांची धारणा होती. माणसांचे व गुरांचे मेंदू घेऊन अल्कोहोल, ईथर आणि धातूंचे क्षार यांच्या साहाय्याने त्यांनी एकेक घटक वेगळा केला. सेफॅलिन, स्फिंगोमायेलिन आणि सेरेब्रोसाइड ही द्रव्ये त्यांनी जगासमोर आणली. एका घटकाचे स्वरूप उलगडेना, तेव्हा ग्रीक पुराणकथांतील कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्यांनी त्याला ‘स्फिंगोसिन’ हे नाव दिले. हे सारे संशोधन १८८४ च्या त्यांच्या ग्रंथात एकत्र आले.

त्या काळी मेंदू ‘प्रोटॅगॉन’ नावाच्या एकाच महाद्रव्याने बनला आहे, असे मत प्रचलित होते. प्रोटॅगॉन हे केवळ मिश्रण असल्याचे थुडिकम यांनी सांगताच आर्थर गॅमजी यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या निष्कर्षांवर अविश्वास दाखवला गेला, पुढे सरकारी आधारही संपला. तरीही व्यवसाय सांभाळून त्यांनी काम सुरू ठेवले. ७ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता. त्यानंतरच्या दशकात ऑटो रोझेनहाइम आदींच्या प्रयोगांनी प्रोटॅगॉन मिश्रणच असल्याचे सिद्ध झाले. स्फिंगोसिनची नेमकी रचना तर १९४७ मध्ये उलगडली.

मज्जारज्जूच्या आडव्या छेदात मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग आणि भोवती पांढरा भाग दिसतो. पांढऱ्या भागातील मज्जातंतूंवर मायेलिनचे वेष्टन असते. त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा लिपिडांचा असतो आणि त्यांत सेरेब्रोसाइड व सल्फॅटाइड विपुल असतात. करड्या भागात चेतापेशींमुळे गँग्लिओसाइडांचे प्रमाण अधिक असते.

ही वाटणी बिघडली की गंभीर आजार उद्भवतात. सल्फॅटाइड साचल्याने लहान मुलांची चालण्याबोलण्याची शक्ती हिरावणारा आनुवंशिक रोग होतो. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. बिमलकुमार बच्छावत यांनी याच वर्गातील द्रव्यांवर मोलाचे संशोधन केले. आज अशा रोगांचे निदान करताना ज्या द्रव्यांचा शोध घेतला जातो, त्यांतील अनेकांची पहिली ओळख थुडिकम यांनीच करून दिली होती.